हरळी उपटायची कुठे आणि लावायची कुठे

गेल्या महिन्यात हिंगोलीत एका नातलगाच्या वास्तुशांतीला गेलो होतो. घरासमोर वीस बाय पंधरा फुटांची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली. जेवणं आटोपल्यावर तिथेच खुर्च्या टाकून बसलो आणि या जागेत कोणतं गवत लावायचं, असा विषय निघाला. घर बांधणाऱ्या कंत्राटदाराचं उत्तर तयार होतं. "कोरियनचे रोल मागवू. आठ दिवसांत हिरवागार गालिचा." मी म्हणालो, हरळी लावा. सगळे गप्प झाले. मग यजमानांचे वडील, ज्यांचं उभं आयुष्य वसमत तालुक्यात हळद पिकवण्यात गेलं, हळूच म्हणाले, "जी हरळी वेचता वेचता माझ्या मायची कंबर वाकली, ती आता पोराच्या दारात लावू का?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याच्या शुभकार्यात वाद वाढवणंही बरं दिसेना. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो. कंत्राटदाराचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. काकांचं म्हणणं खरं आहे, पण ते शेतापुरतं खरं आहे. उत्तर आधी काकांनाच द्यायला हवं, कारण त्यांचा राग अनुभवातून आलेला आहे.

हरळीची एक कांडी उपटून हातावर घ्या. दर दोन-तीन बोटांवर एक पेर. जमिनीवरून सरपटत जाणाऱ्या खोडाला प्रत्येक पेरापाशी खाली मुळं फुटलेली, वर पानांचा झुबका. जमिनीच्या पोटात आणखी एक खोड, त्याहून जाड, पांढरट, टोकाला सुईसारखं अणकुचीदार. खुरप्याने या कांडीचे चार तुकडे झाले की चार झाडं झाली. हळदीच्या वरंब्यात तिला शेणखत आयतं, पाणी आयतं. ती कंदांच्या गर्दीत शिरते आणि मग खुरपं लावावं तर कंद दुखावतो, न लावावं तर हरळी वाढते. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, वखर फिरवून कांड्या वर आणायच्या आणि बायाबापड्यांनी त्या वेचून धुऱ्यावर टाकायच्या, हे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत. आणि धुऱ्यावर टाकलेली हरळी मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा हिरवी होते. वाढत्या, टिकत्या कुळाला आपण 'हरळीची मुळी' म्हणतो, ते हे पाहूनच.

आता काका, अंगणाचा विचार करा. तिथे पोरं खेळणार, खाट पडणार, पाहुण्यांच्या दुचाक्या उभ्या राहणार. गवत दर आठ-दहा दिवसांनी कापलं जाणार. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत त्याला पाणी मिळेलच याचा भरवसा नाही. तुडवलं, कापलं, तहानेलं ठेवलं तरी पेरापेरातून पुन्हा उठणारं गवत इथे हवं आहे. शेतात तिच्यापासून वाचवायला हळद असते. अंगणात वाचवायला दुसरं पीकच नाही, पीक तीच आहे. जो हट्टीपणा तुमच्या मायला छळत होता, तो अंगणातल्या गवतात नसेल तर हिंगोलीच्या हवेत ते दुसरा उन्हाळा बघत नाही.

आणखी एक गोष्ट. अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीपुढे नवसाच्या मोदकासाठी केवढी रांग लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आणि धुऱ्यावर फेकलेली हरळी ही एकच वनस्पती आहे. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. आणि नर्सरीत विदेशी चित्राच्या पाकिटात 'बर्म्युडा ग्रास' म्हणून जे बी विकतात, तेही हेच. बर्म्युडा हे तिचं मूळ गावसुद्धा नाही, अमेरिकेत पडलेलं नाव आहे ते. आपण शेतातून काढून टाकायची मजुरी द्यायची आणि तीच वनस्पती पाकिटातून विकत आणायची, हा व्यवहार कुठल्या हिशेबात बसतो?

इथून पुढचं कंत्राटदारासाठी.

त्याचा पहिला मुद्दा, हरळी गावठी दिसते. घराला शोभा येत नाही. या मुद्द्याचं उत्तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावात सापडतं. तिथल्या संशोधन केंद्राने हरळी आणि तिची आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांच्या संकरातून 'टिफवे' नावाची जात काढली आणि १९६० साली ती लोकांना दिली. आज जगभरच्या उष्ण भागांत गोल्फची मैदानं आणि खेळांची पटांगणं या आणि अशाच जातींवर उभी आहेत. ज्या गवतावर एवढे खेळ होतात, ते आपल्या दारात आलं की गावठी कसं होतं? हरळी राठ दिसते ती न कापल्यामुळे. धुऱ्यावर तिला कोणी कापत नाही, म्हणून ती लांब कांड्या टाकत विरळ पसरते. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी एक-दीड इंच उंचीवर कापा, एका वेळी पानाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेऊ नका. दोन महिन्यांत पेरं जवळजवळ येतात, पानं बारीक होतात आणि अनवाणी पायाला ती मऊ लागते. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या अंगणात रोज सकाळी चालून सांगतो.

दुसरा मुद्दा त्याने मोबाइलवर चित्र दाखवून मांडला. चित्रातली हिरवळ इंग्लंडची होती. या एका चित्राने आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. हिंगोली ही निजामाच्या काळात हैदराबाद काँटिंजंटची छावणी. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून आपल्या गावात रुळलेली आहेत. छावणी १९०३ मध्ये फौजेच्या फेररचनेत गेली, पण साहेबाच्या बंगल्यापुढचं लॉन हे घराच्या प्रतिष्ठेचं माप बनून राहिलं. ते लॉन जिथून आलं तिथली हवा मात्र इकडे आली नाही. लंडनला वर्षात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. हिंगोली जिल्ह्यात सरासरी आठशे ते नऊशे. म्हणजे पाऊस आपल्याकडे जास्त आहे! पण त्यांचा बारा महिने थोडाथोडा पडतो आणि आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. मग आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. विम्बल्डनच्या मैदानावर २००१ पासून फक्त राय गवत आहे, आठ मिलिमीटरवर कापलेलं. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लू ही सगळी थंड हवेची गवतं. पंधरा ते चोवीस अंशांत ती खुशीत वाढतात. त्यांचं बी ऑनलाइन मिळतं, आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये पेरलं तर उगवतंही छान, आणि होळीपर्यंत माणूस खूश असतो. एप्रिलमध्ये त्याची चटई होते आणि ती पुन्हा उठत नाही.

हरळीची जात वेगळी. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे ती उन्हाचा वापर करण्याची एक खास पद्धत बाळगून आहे. हवेतला कर्बवायू ती आधी एका रसायनात साठवते आणि मग वापरते. त्यामुळे कडक उन्हात पानाची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि तेवढ्याच वाढीला पाणी कमी लागतं. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ च्या सुमारास उसावर काम करून ही पद्धत उलगडली. जी ज्वारी कमी पाण्यात येते म्हणून मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, तिच्याच बिरादरीतलं हे गवत आहे.

कोरियनही उष्ण हवेचंच गवत आहे, हे मी मान्य करतो. त्याचं पान सुईसारखं बारीक, गादीसारखं दाट, कापणी कमी लागते. दिसायला हरळीपेक्षा देखणं आहे, यात वाद नाही. आठ वर्षांपूर्वी या देखणेपणाला भुलून मी स्वतः त्याचे रोल आणले होते. नर्सरीचं नाव इथे घेत नाही, कारण तिथल्या माणसाने मला फसवलं नाही. त्याने विकलं, मी न विचारता घेतलं. पहिलं वर्ष उत्तम गेलं. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागलं आणि माझ्या काळ्या मातीला भेगा पडल्या. मी एक रोल कडेने उचलून पाहिला. तो सतरंजीसारखा अख्खा उचलला गेला! वर दीड इंच तांबड्या मातीचा थर, त्यात मुळांचं जाळं, आणि खाली माझी काळी माती, तिच्यात एकही मूळ उतरलेलं नाही. दोन वर्षं ते गवत माझ्या जमिनीवर नुसतं बसून होतं.

ही काळी माती समजून घेतल्याशिवाय आपल्याकडे गवताची निवड करता येत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात जातो. वर वेगळ्या मातीचा पातळ थर टाकला की दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही अडतात. त्यात ती चुनखडीची, अल्कधर्मी. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत मजेत वाढणारं रुंद पानांचं कार्पेट गवत इथे पिवळं पडतं. मग माणूस युरिया टाकत सुटतो. खरं तर अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून तो पिवळेपणा असतो. हरळीला चुनखड सोसते, थोडा खारेपणाही सोसतो. तिचे आतले धावते कोंब भेगेच्या काठानेही तग धरतात आणि जमीन खोल असेल तर मुळं हात-दोन हात खाली उतरतात. तिच्यावरही कधी पिवळी झाक आली तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट टाकून एकदा फवारलं तरी पुरतं.

पाण्याचा हिशेब कंत्राटदाराने केलाच नव्हता, तो मी करतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. आपल्या मे महिन्यात हिरवंगार ठेवायचं असेल तर उष्ण हवेच्या कोणत्याही गवताला दिवसाला पाचेक मिलिमीटर लागतं. हजार चौरस फूट म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. रोजचे ४६५ लिटर. जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर द्यायचं ठरवलं आहे. म्हणजे हजार फुटांचं हिरवं लॉन आठ माणसांच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकतं. मराठवाड्याने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेलं पाणी पाहिलं आहे. ते पाहिल्यावर मे महिन्यात दाराशी टँकर लावून गालिचा भिजवणं मला पटत नाही, पटवून घ्यायचंही नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत आहे. लॉन तीनशे फुटांहून मोठं नको. आणि ते उन्हाळ्यात हिरवंच असलं पाहिजे हा आग्रह सोडायचा. हरळी पाणी तुटलं की वरून वाळते, तांबूस होते, मेल्यासारखी दिसते. आतलं खोड जिवंत असतं. दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिलं तरी ते तगतं, आणि पाऊस पडल्यावर आठवड्याभरात अंगण पुन्हा हिरवं. कोरियनही झोपतं आणि उठतं, पण ज्या हळूपणामुळे त्याची कापणी कमी लागते, त्याच हळूपणामुळे पडलेलं टक्कल भरायला त्याला सगळा पावसाळा पुरत नाही. सावलीवाल्यांचं आवडतं सेंट ऑगस्टीन गवत तर फक्त वरच्या धावत्या खोडांवर जगतं. ती वाळली की खाली पुन्हा उठायला काही उरत नाही.

घरचं सांडपाणी वापरण्याचा सल्ला हल्ली सगळे देतात, त्यात एक दुरुस्ती. भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि अंघोळीचं पाणी चालतं. कपड्यांच्या पावडरचं पाणी काळ्या मातीला रोज देऊ नका. त्यातल्या सोडियमने जमीन चोपण होते, पाणी वर तळं करून राहतं आणि मग हरळीसुद्धा थकते.

हरळीच्या विरोधात खरे मुद्दे दोनच आहेत, आणि ते कंत्राटदाराने काढलेच नाहीत. पहिला, तिला सावली सोसत नाही. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर ती विरळ होते. कडुनिंबाखाली, उत्तरेच्या भिंतीलगत ती लावू नका. माझ्या मते तिथे कोणतंच गवत लावू नये. झाडाचा पाचोळा झाडाखालीच राहू द्यावा. दुसरा, ती हद्द ओळखत नाही. जागेच्या कडेने शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडा, दोन बोटं वर ठेवा, आणि महिन्यातून एकदा खुरपं घेऊन कडेने फिरा. भाजीचा वाफा तिच्या शेजारी नको. आणि घर गावात नसून आखाड्यावर असेल, दारापासून शेत सुरू होत असेल, तर हरळी लावू नका. तिथे काकांचंच म्हणणं खरं आणि शेवटचं.

लॉनच नको, पेव्हर ब्लॉक टाका, असंही त्या दिवशी कोणी म्हणालं. पाण्याच्या काळजीपोटी म्हणणाऱ्याचा मला आदर आहे. पण अंगण पूर्ण बांधून काढलं की पावसाचं पाणी थेट गटारात जातं आणि मे महिन्याच्या रात्री दहालाही पायाखालची फरशी तापलेली असते. प्लॅस्टिकचं गवत त्याहून वाईट. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ-सत्तर अंशांवर जातो. ज्या अंगणात नातवंडं रांगायची आहेत तिथे ते अंथरायचा विचारच सोडून द्या.

लावायचं कसं, ते थोडक्यात, कारण ते अवघड नाही. जमीन मे महिन्यातच कुदळीने वीतभर खणून तापू द्या. घरापासून बाहेर हलका उतार ठेवा, काळ्या मातीत पाणी साचता कामा नये. बाहेरची माती आणू नका, तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि लव्हाळा हरळीलाही भारी पडतो. पहिल्या पावसानंतर जे तण उगवेल ते मुळासकट काढा, गाजरगवत फुलावर येण्याआधी. मग जूनच्या शेवटी हरळीच्या निरोगी कांड्या आणून त्यांचे दोन-तीन इंचांचे तुकडे करा. ताजं शेण, थोडी माती आणि पाणी यांचा सरबरीत काला करून त्यात ते मिसळा आणि ओल्या जमिनीवर हाताने सारवा. वर मातीचा पातळ पापुद्रा पसरा. बागकामाच्या पुस्तकांत याला टर्फ प्लास्टरिंग म्हणतात. ज्या घरातल्या आजीने अंगण सारवलं आहे तिला हे शिकवायची गरज नाही, तिलाच पुढे करा. पोळ्याच्या सुमारास कापणीला येईल. कापलेलं गवत शेळी आवडीने खाते, शेजारी कोणाकडे असेल तर विचारा.

कंत्राटदाराला एवढंच सांगणं आहे की रोलची ऑर्डर देण्याआधी त्याने गेल्या दोन वर्षांत लावलेल्या कोरियनच्या घरांपुढून मे महिन्याच्या दुपारी एक चक्कर मारावी, आणि मग गिऱ्हाइकाला भाव सांगावा.

आणि काका, मृग जवळ आला आहे. शेतातली हरळी वेचाल तेव्हा दोन घमेली बाजूला काढून ठेवा, ओल्या पोत्याखाली. मी हिंगोलीहून गाडी घेऊन येतो. तुमच्या मुलाच्या दारात ती आपण दोघं मिळून लावू.